मिग चौकात उभं करायचंय? आधी त्याचा नंबर सांगा

मंडळी, २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ रिटायर झालं. १९६३ पासूनची नोकरी, ६२ वर्षं. आता गावोगावचे पुढारी ‘आमच्या चौकातही एक मिग पाहिजे’ म्हणून अर्ज घेऊन पळणार. आपल्या नाशिक जिल्ह्यात तर जास्तच. तसा आपला हक्कच आहे म्हणा. ओझरचा कारखाना १९६४ ला उभा राहिला तो याच विमानासाठी. इथे कितीतरी घरांत कुणाचे वडील, कुणाचे मामा मिगवर हात काळे करून निवृत्त झालेत.

माझा विरोध विमानाला नाही. ते आणल्यावर आपण जे करतो त्याला आहे.

असं चौकातलं विमान कधी नीट बघा. पाटीवर उद्घाटन करणाऱ्यांची नावं दहा, विमानाबद्दल एक ओळ. शेपटीवरचा नंबर रंगात गडप, किंवा रंगाऱ्याने मनाने टाकलेला. अहो, तो नंबर म्हणजे विमानाचा सातबारा! विमान कुठल्या स्क्वाड्रनला होतं, युद्धात गेलं का, कोणी उडवलं, सगळं त्यावरून निघतं. तो पुसला की चाकांच्या कप्प्यात नाहीतर कॉकपिटमध्ये धातूची पट्टी शोधत बसायचं. तीही कुणी उचकटून नेली नसेल तर.

‘काय करायचाय एवढा इतिहास’ म्हणणाऱ्यांनी लिबरेटरचं ऐका. दुसरं महायुद्ध संपल्यावर ही चार इंजिनांची बॉम्बर विमानं कानपूरला टाकून दिली होती, पुन्हा उडू नयेत म्हणून मोडतोड करून. एचएएलच्या माणसांनी ती जोडजाड करून बंगळुरूला उडवत नेली. आपल्या हवाई दलाने १९६८ पर्यंत वापरली. त्यानंतर ब्रिटन, अमेरिका, कॅनडाची संग्रहालयं आपल्याकडून ती घेऊन गेली. ब्रिटिश हवाई दलाच्या संग्रहालयातलं केएन ७५१ हे आपल्याकडूनच गेलेलं. १९४५ ला ते कुठल्या स्क्वाड्रनला होतं, हेही त्यांनी नोंदवून ठेवलंय.

आणि आपण? ७१ ला जिच्यावरून सी हॉक आणि अलिझे विमानं उडाली ती विक्रांत २००१ ते २०१२ मुंबईत संग्रहालय होती. मग राज्य सरकारने हात वर केले आणि २०१४ ला ६० कोटींना भंगारात गेली. सी हॉक आणि अलिझे बघायचे तर गोव्यात वास्कोजवळ बोगमाळोला जा, नौदलाचं संग्रहालय आहे. पोरांना बीचवर नेता तसं तिथेही न्या.

तेव्हा नगरपरिषदेत ठराव आणणाऱ्यांना माझे साधे प्रश्न आहेत. येणाऱ्या विमानाचा नंबर काय? हवाई दलाकडून त्याच्या नोंदींची प्रत मागितली का? वर छप्पर आहे का, की चार पावसाळे आत पाणी साचून ॲल्युमिनियम सडू द्यायचं? दरवर्षीच्या देखभालीचा पैसा कुठल्या हेडखाली? उत्तरं नसतील तर त्या पैशात आधी गटार दुरुस्त करा.

आणि एक काम लगेच होण्यासारखं आहे. ओझरला मिगवर काम केलेली पहिल्या पिढीची माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. तुमच्या घरात, गल्लीत कुणी असेल तर कमेंटमध्ये कळवा. मी वही घेऊन येतो.