पांढरा दात आणि कोरी पावती

ठाण्याच्या गोखले रोडवरून किंवा डोंबिवलीच्या फडके रोडवरून चालताना दंतवैद्यांच्या पाट्या मोजू लागले, तर ती मोजदाद लवकर संपत नाही. या पाट्यांवर गेल्या काही वर्षांत एका नव्या शब्दाची भर पडली आहे : झिर्कोनिया. रूट कॅनाल करून वाचविलेल्या दाढेवर बसवावयाची कॅप एके काळी निव्वळ धातूची असे; पुढे धातूवर पोर्सेलिनचा थर दिलेली कॅप आली; आता धातूचा अंशही नसलेली शुभ्र कॅप मिळते. शाळामास्तर किंवा कचेरीतील कारकून खुर्चीवर आडवा झालेला असतानाच त्याच्यासमोर तीन-चार दर ठेवले जातात आणि ‘कोणती बसवू?’ अशी विचारणा होते. बधिर केलेल्या जबड्याने द्यावयाचे हे उत्तर अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील सुज्ञ ग्राहकाचे नसते, हे उघड आहे.

पदार्थ मुळात अस्सल आहे, याबद्दल वाद नाही. बर्लिनच्या क्लापरोथ यांनी १७८९ साली सिलोनमधील झिर्कॉन खड्यातून ही नवी ‘माती’ वेगळी केली. तिचा खरा गुण मात्र १९७५ साली गार्वी, हॅनिंक व पास्को या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी जगापुढे आणला. चिनी मातीच्या कपाला तडा गेला की तो वाढतच जातो. झिर्कोनियात तड्याच्या टोकाशी असलेले स्फटिक आपली रचना बदलतात, किंचित फुगतात आणि तडा आवळून धरतात. ‘सिरॅमिक पोलाद’ हे त्या संशोधकांनी सुचविलेले नाव अतिशयोक्त वाटत नाही.

अडचण येते ती पुढे. झिर्कोनिया हे एका पदार्थाचे नव्हे, तर एका कुळाचे नाव आहे. त्यात इट्रियम ऑक्साइड सुमारे ३ टक्के मिसळले तर कॅप अत्यंत मजबूत, पण काहीशी चुनकट दिसते. प्रमाण ५ टक्क्यांच्या घरात नेले तर ती दातासारखी पारभासक होते, पण ताकद निम्म्याच्या आसपास उतरते. पहिली दाढेला योग्य, दुसरी समोरच्या दाताला. शिवाय खडूसारख्या मऊ ठोकळ्यातून कॅप प्रथम मुद्दाम मोठी कोरली जाते आणि १५०० अंश सेल्सियसच्या आसपास भट्टीत भाजताना सुमारे पंचमांशाने आक्रसते. भाजणीत चूक झाली तर ठोकळा कितीही नामांकित असो, कॅप कमअस्सलच निघावयाची. दुकानात शेजारीशेजारी ठेवल्या तर या दोहोंतील फरक गिऱ्हाइकाला कळणार नाही. तोंडात बसविल्यावर तर नाहीच नाही.

अशा बाजाराचे काय होते, हे जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणावरून दाखविले आणि २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. विकणाऱ्याला मालाची प्रत ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशा स्थितीत हलका माल उत्तम मालाला हुसकावून लावतो. त्याच निबंधात बाजारच्या तांदळातून खडे निवडणारी भारतीय गृहिणीही आली आहे. त्या गृहिणीला निदान सूप तरी होते!

आजोबांच्या तोंडातील सोन्याच्या दाताची पारख सोनार करू शकत असे. आता तर सोन्याच्या दागिन्यावर हॉलमार्क आणि सहा अक्षरांकांचा ओळखक्रमांक सक्तीचा झाला आहे. त्याच गृहस्थाच्या तोंडातील काही हजारांच्या कॅपची पावती मात्र बहुधा एवढेच सांगते : ‘कॅप, एक नग’. सोबत कधी हमीचे चकचकीत कार्ड मिळते. पण ती हमी दवाखान्याची की प्रयोगशाळेची, आणि कॅप बदलताना वैद्याची फी कोण भरणार, हे त्यावर शोधावे लागते. आरोग्यविम्यातून नेहमीचे दंतोपचार सहसा वगळलेले असतात. म्हणजे हा सारा खर्च खिशातूनच.

धंदा लहान राहिलेला नाही. ठाणे जिल्ह्यातीलच मीरा रोडच्या लक्ष्मी डेंटल या कंपनीचे समभाग जानेवारी २०२५ मध्ये शेअर बाजारात आले. अशा कंपन्यांच्या हिशेबाची पाने भागधारकाला वाचावयास मिळतात. कॅप चावून वापरणाऱ्याला तिचा कुलवृत्तांत मिळू नये, हे चमत्कारिक आहे.

येथे दंतवैद्यांना लुटारू ठरविण्याचा हेतू नाही. स्टेशनजवळच्या गाळ्याचे भाडे, स्कॅनर, मदतनीस यांचा भार कॅपच्या दरात येणारच. दरातील मोठा वाटा कौशल्याचा असतो आणि तो असावा. न दिसणाऱ्या मागच्या दाढेला साधी धातूची कॅपही उत्तम, तिच्यासाठी दात कमी घासावा लागतो, असे सांगणारे वैद्यही आहेत. त्यांचा सल्ला गिऱ्हाइकालाच रुचत नाही, हेही खरे. परंतु घासलेला दात पुन्हा वाढत नाही, म्हणून निवडीपूर्वी माहिती हवी.

मागणी मोजकीच आहे. पदार्थाचे पूर्ण नाव व प्रकार, ठोकळ्याचा उत्पादक व बॅच क्रमांक, कॅप घडविणारी प्रयोगशाळा आणि हमीची मुदत, एवढे पावतीवर लिहिले जावे. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेने तसा नमुना ठरवून द्यावा. यास खर्च कसला? प्रयोगशाळेची चिठ्ठी दवाखान्यात येतेच. तिची नक्कल रुग्णाला द्यावयाची. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच दिला आहे. परंतु दोन वर्षांत तडकलेली कॅप घेऊन कल्याणचा एखादा लिपिक ठाण्याच्या ग्राहक आयोगापुढे उभा राहिला, तर त्याला आधी हे सिद्ध करावे लागेल, की त्याने नेमके काय विकत घेतले होते. ‘कॅप, एक नग’ या तीन शब्दांवर तो ते कसे करणार?