मळ्यातल्या खोलीची मावळतीची भिंत



विहिरीजवळ दहा बाय दहाची पत्र्याची खोली हल्ली पुष्कळांच्या मळ्यात असते. मोटारीचा स्टार्टर तिथे, हिशेबाची वही तिथे, आणि राखणीला आलेले म्हातारे वडील दुपारी आडवे होतात तेही तिथेच. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात पारा ४२-४४ अंशांवर गेला की या खोलीची भट्टी होते. पंखा तापलेलीच हवा फिरवतो. शिवाय पत्र्याची धग अंगावर येते ती वेगळीच. उन्हाचा तडाखा उघड्या रानातच बसतो असे नाही, अशा खोलीतही बसतो. म्हाताऱ्या माणसांना तर लवकर.

छपरावर पाचट टाकणारे बरेच आहेत. भिंतीकडे मात्र कोणी बघत नाही. दुपारनंतरचे तिरपे ऊन सगळे मावळतीच्या भिंतीवर पडते. तेव्हा निदान तेवढ्या भिंतीला आतून कुड घाला.

पत्र्यापासून चार बोटे अंतर सोडून वासे रोवा, आडव्या कामट्या बांधा आणि त्यांवर तुराट्या गच्च आवळा. खाली विटांचे दोन थर हवेतच, नाहीतर पहिल्याच वर्षी वाळवी चढते. माती, शेण आणि गव्हाचा भुसा तीन-चार दिवस भिजवून, तुडवून, दोन्ही अंगांनी लिंपा. (पत्र्याकडचे अंग आधी लिंपावे लागते, म्हणून कुड आडवा करूनच बांधला तर सोपे.) मधली पोकळी वर-खाली मातीने बुजवा. कोंडलेली हवा उष्णता सावकाश सोडते. फट राहिली तर तो गुण जातो, आणि उंदीर-साप घर करतात ते वेगळेच. बाहेरून पत्र्याला चुन्याचे दोन हात द्या.

पऱ्हाट्या फुकट मिळतात म्हणून त्या वापरू नका. त्यांवरच्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. आपल्याच कपाशीच्या शेजारी तिला घर कशाला द्यायचे?

स्टार्टर आणि वायरी कुडावर ठोकू नयेत. त्या वेगळ्या फळीवर, कुडापासून लांब, उघड्या भिंतीवर घ्या. तुराटी वाळलेली असते, एक ठिणगी पुरते. पत्र्याला आणि मोटारीला अर्थिंग आहे ना, तेही याच वेळी वायरमनकडून तपासून घ्या. फवारणीच्या औषधाच्या बाटल्या माणूस झोपतो त्या खोलीत नकोतच.

दिवाळीच्या सुमारास कुडाला तडे गेलेले दिसतील. पुन्हा एक हात लिंपण दिले की पुढचा उन्हाळा निघतो.