विश्लेषण : चित्रकलेचा तास मोबाइलवर भरू शकतो का?

रंगकामाची ॲप, चित्रकलेचे व्हिडीओ, जगभरातील संग्रहालयांची आभासी दालने... हे सारे आज फोनवर मोफत मिळते. त्यामुळे चित्रकला शिक्षक नसलेल्या शाळेत ‘मुलांना व्हिडीओ दाखवा’ हा उपाय सोपा वाटतो. पण तो पुरेसा आहे का?

कायदा काय सांगतो?
शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टानुसार सहावी ते आठवीच्या वर्गांची पटसंख्या १०० पेक्षा जास्त असेल, तरच कला शिक्षणासाठी निदेशक द्यावा लागतो, आणि तोही अंशकालीन. म्हणजे कमी पटाच्या गावांतील शाळांना कला निदेशक देण्याचे बंधन हा कायदा घालत नाही. याचा फटका गुणांनाही बसतो. इंटरमिजिएट रेखाकला परीक्षेत ‘अ’ श्रेणी मिळाल्यास दहावीला ७, ‘ब’ला ५ आणि ‘क’ला ३ वाढीव गुण मिळतात. तयारी करून घेणारे शाळेत कोणी नसेल, तर खासगी शिकवणी परवडणाऱ्या मुलांनाच हे गुण मिळवणे सोपे जाते.

डिजिटल साधने कुठे उपयोगी?
पाहण्यासाठी. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने २०२२ मध्ये रेम्ब्राँच्या ‘द नाइट वॉच’ या चित्राची ७१७ गिगापिक्सेलची, म्हणजे ७१,७०० कोटी पिक्सेलची प्रतिमा खुली केली. रंगाला गेलेले बारीक तडेही तिच्यात दिसतात. प्रत्यक्ष संग्रहालयातही चित्राच्या इतक्या जवळ जाता येत नाही. भूमितीच्या रचना किंवा अक्षरलेखनातील वळणे व्हिडीओ थांबवून, मागे नेऊन पुन्हा पाहता येतात. ४० मुलांच्या वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला शिक्षकाचा हात दिसतोच असे नाही. पडद्यावर तो सर्वांना दिसतो.

मग अडते कुठे?
पहिली अडचण रंगांची. रंगपेटीतला निळा आणि पिवळा कालवला की हिरवा तयार होतो. अनेक साध्या ॲपमध्ये मात्र शुद्ध निळा आणि पिवळा निम्मे-निम्मे मिसळले, तर राखाडी दिसतो. कारण पडदा लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाचे आकडे जुळवतो, तर रंगद्रव्ये प्रकाशाचा काही भाग शोषून घेतात. केवळ ॲपवर शिकलेले मूल ब्रश हातात घेताच गोंधळते.

दुसरी अडचण आकाराची. ‘द नाइट वॉच’ सुमारे पावणेचार मीटर उंच आणि साडेचार मीटर रुंद आहे. फोनवर ते चित्र आणि पोस्टाचे तिकीट सारख्याच आकाराचे दिसते.

तिसरी सर्वांत महत्त्वाची. स्थिरचित्रात समोरचा तांब्या, फळे, कापड यांची लांबी, रुंदी आणि खोली सपाट कागदावर आणायची असते. कौशल्य इथेच लागते. तांब्याचा फोटो समोर ठेवला, तर ते काम कॅमेऱ्याने आधीच उरकलेले असते. मुलाला उरते फक्त नक्कल. शिवाय रेषा का चुकली, डोळा कोणत्या पातळीवर धरायचा, हे व्हिडीओ सांगू शकत नाही. त्याला मुलाचा कागद दिसत नाही.

उपाय काय?
तासाची सुरुवातीची दहा मिनिटे पडद्याला द्यावीत, उरलेला वेळ कागद, पेन्सिल आणि खऱ्या वस्तूंना. यासाठी प्रत्येक मुलाला टॅब लागत नाही. वर्गात एक प्रोजेक्टर किंवा टीव्ही पुरतो. टॅबच्या खरेदीआधी कागद आणि रंगांचा खर्च शाळेला मिळायला हवा.

शिक्षकाचा प्रश्न मात्र यंत्राने सुटणार नाही. प्रत्येक लहान शाळेला स्वतंत्र शिक्षक देणे कठीण असेल, तर एका केंद्रातील शाळांना मिळून एक पूर्णवेळ कला शिक्षक द्यावा. तो ठरलेल्या दिवशी प्रत्येक शाळेत जाईल. मधल्या दिवसांत मुलांनी काढलेल्या चित्रांचे फोटो वर्गशिक्षक त्याला पाठवतील आणि तो व्हिडीओ कॉलवर दुरुस्त्या सांगेल. असे झाले, तर फोन शिक्षकाची जागा घेणार नाही, पण त्याचा हात चार शाळांपर्यंत पोहोचवेल. व्हिडीओची लिंक पाठवून कला विषय शिकवल्याची नोंद होत राहिली, तर कमी पटाच्या शाळेतील मूल आज आहे तिथेच राहील.