वसईचा तह पंधरा वर्षांत का मोडला?

ठाण्याजवळच्या कोलशेतच्या खाडीचे पाणी ओहोटीला जिथे समुद्राला मिळते, तिथे वसईचा किल्ला आहे. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईत इंग्रजांशी तह केला. कंपनीचे किमान ६,००० पायदळ कायम पदरी ठेवायचे, खर्चापोटी २६ लाखांचा मुलूख तोडून द्यायचा आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय कोणाशी लढायचे नाही. ‘पळपुट्याने राज्य विकले’ म्हणून व्याख्याते मोकळे होतात. पण असाच तह निजामाने १७९८ मध्ये केला आणि हैदराबादचे ते नाते इंग्रज जाईपर्यंत टिकले. ते कसे?

निजाम काही शूर नव्हता. १७९५ मध्ये खर्ड्याला मराठ्यांनी त्याला लोळवले होते. त्याची भीती बाहेरची होती, इंग्रजांच्याही हिशेबात बसणारी. शिवाय १८०० मध्ये फौजेसाठी त्याने जो मुलूख दिला, तो म्हैसूरच्या लढायांत नुकताच पदरात पडलेला. मूळ दौलत शाबूत राहिली.

बाजीरावाला भीती होती घरच्यांची. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरला त्याची आणि शिंद्यांची फौज मोडली आणि बाजीराव वसईला पळाला. पुढच्या तीन वर्षांत इंग्रजांनी शिंदे, भोसले, होळकर तिघांनाही नमवले. भीती संपली, कंपनीची फौज मात्र पुण्यात राहिली! आणि पेशव्याची खरी पुंजी मुलूख नव्हती. ती होती मराठा सरदारांवरचे वडीलपण. गायकवाडांकडच्या बाकीवरून तंटा झाला, बडोद्याचे वकील गंगाधरशास्त्री १८१५ मध्ये पंढरपुरात मारले गेले, आणि संशयित, बाजीरावाचा विश्वासू त्रिंबकजी डेंगळे, ठाण्याच्या किल्ल्यात, म्हणजे आजच्या मध्यवर्ती कारागृहात, कैद झाला. सप्टेंबर १८१६ मध्ये तो तिथून निसटला. जून १८१७ च्या पुणे तहात इंग्रजांनी बाजीरावाकडून ते वडीलपणच लिहून घेतले. ५ नोव्हेंबरला खडकीवर पेशव्याच्या तोफा इंग्रजांवर धडाडल्या.

‘इंग्रज दगाबाज, म्हणून मोडला’ हेही उत्तर अपुरेच. पोर्तुगालशी इंग्लंडचा करार १३७३ पासूनचा. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली तेव्हा मुंबईहून इंग्रजांची फौज आली नाही. १९६१ मध्ये गोव्यासाठीही इंग्लंड लढले नाही. तरी करार आजही आहे, कारण लिस्बनची गादी इंग्रजांनी कधी मागितली नाही.

बाजीरावाच्या पळण्यावर तासभर रंगणाऱ्या वक्त्यांनी त्यातली दहा मिनिटे जून १८१७ च्या त्या कलमाला द्यावीत.