शेजाऱ्याची मसलत

कोकणात पावसाळा तोंडावर आला की घरमालकांमध्ये छपराविषयी जी मसलत सुरू होते, तिची योग्यता मी कोणत्याही मक्तेदाराच्या अंदाजपत्रकाहून अधिक मानतो. कारण ज्या गृहस्थाने गतवर्षी गळक्या पन्हळीखाली बादल्या मांडून रात्री काढल्या, त्याच्या शब्दामागे स्वानुभवाचे तारण असते. 1865 साली बासेल मिशनने मंगळुरात कारखाना काढला, तेव्हापासून या किनाऱ्यावर रूढ झालेले कौल खाचेत खाच अडकवून बसत असल्याने फुटलेले तेवढेच बदलता येते. पण त्याखालची रीप कुजलेली नाही ना, याची खातरजमा आधी करावी, हे शेजारीच सांगतो.

तथापि, ओल आलेल्या जांभ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करण्याची जी शिफारस हल्ली सर्रास होते, तिला माझी सक्त हरकत आहे. जांभा सच्छिद्र, पायातून त्याने ओढलेले जे पाणी चुन्याच्या गिलाव्यातून बाष्परूपाने निघून जाते, तेच सिमेंटच्या कवचाआड कोंडून भिंतीत वर चढत राहते. ज्याचे घर पक्क्या विटांचे, त्याने उपदेशापूर्वी समोरची भिंत तरी पाहावी.

परसातला उपदेश त्या मानाने निरुपद्रवी. मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ लावावी, याविषयी मतभेद नाहीत. घड उतरल्यावर केळीचे खोड तोडावे व एखादेच जोमदार पिल्लू राखावे, हेही शास्त्रसंमत. उरलेली पिल्ले सल्लागार सहसा स्वतःच मागून नेतो, आणि ही दस्तुरी वावगी म्हणता येणार नाही.