सूचकाची सही कोणासमोर?

१/ नाटे गावातील कोणी विधानसभेस अपक्ष म्हणून उभे राहावयाचे ठरविले, तर त्यास राजापूर मतदारसंघातील दहा मतदारांच्या सह्या मिळवाव्या लागतात. कायदा त्यांना ‘सूचक’ म्हणतो. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवारास एकच सूचक पुरतो. ही अट किरकोळ भासते. तिच्यामागचा प्रश्न मात्र जुना आहे : तू कोणाच्या वतीने बोलतोस?

२/ पुणे, २ एप्रिल १८७०. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीच्या असंतोषातून सार्वजनिक सभा स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच ‘सार्वजनिक काका’, तिचे प्रवर्तक. सभासद होणाऱ्याने किमान ५० प्रौढ व्यक्तींच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे, असा नियम होता. सुमारे ६,००० लोकांच्या वतीने ९५ प्रतिनिधी सभेत बसले. मतपेटी नव्हती, सही हेच मत होते.

३/ त्याही आधीचे महजर पाहा. वतनाचा निवाडा गोतसभेत होई. अक्षरशत्रू कुणबी नांगराची निशाणी काढी, बलुतेदार आपापल्या हत्याराची. ही साक्ष चारचौघांसमक्ष होई; म्हणून पुढे नाकबूल करणे अवघड जाई.

४/ आता सुरत, एप्रिल २०२४. लोकसभेच्या काँग्रेस उमेदवाराच्या सूचकांनी ‘या सह्या आमच्या नव्हेत’ अशी प्रतिज्ञापत्रे दिली. २१ तारखेला अर्ज बाद झाला. उरलेल्या उमेदवारांनी माघार घेतली आणि २२ तारखेला भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध निवडून आले. सुरतकरांना मतदान करावेच लागले नाही. खरे तर करताच आले नाही.

५/ १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ३६ दोन गोष्टी सांगते. सही खरी नसेल तर अर्ज फेटाळता येतो. मात्र दोष महत्त्वाचा नसेल तर फेटाळू नये.

६/ गंमत पुढेच आहे. १९६१ च्या निवडणूक नियमांनुसार ज्यास लिहिता येत नाही, त्याने आपली खूण अधिकाऱ्यासमक्ष करावयाची असते आणि ओळख पटवून अधिकारी ती साक्षांकित करतो. साक्षराची सही मात्र घरबसल्या चालते. म्हणजे अंगठा पक्का आणि सही कच्ची!

७/ माझे मत स्पष्ट आहे : अंगठ्याची पद्धत प्रत्येक सूचकास लागू करावी. सही खरी की खोटी, हा वाद छाननीच्या दिवशी उपटू नये. सही होतानाच तो मिटावा.

८/ कोणी म्हणेल, साखरीनाट्याच्या मच्छीमाराने एका सहीसाठी दिवस बुडवून राजापूर गाठावे काय? आक्षेप रास्त आहे. पक्षाजवळ गाड्या असतात, अपक्षाजवळ नसतात. पण खूण साक्षांकित करण्यासाठी आयोगाला अन्य अधिकारी नेमता येतो, ही तरतूद त्याच नियमात आहे. तीच सर्वांसाठी वापरून हे काम गावच्या तलाठ्याकडे द्यावे.

९/ हे होईपर्यंत एवढे पाळा : कोरा अर्ज पुढे आला तर सही करू नका. उमेदवाराचे नाव वाचा, आणि छाननीत कोणी विचारले तर ‘होय, माझीच’ असे म्हणण्याची तयारी असेल तरच लेखणी उचला.