सक्तीचे सावकार



परळ-लालबागच्या चाळीत कर्ज कुणाला नवं नाही. पगाराआधीच वाण्याची वही भरते, गावी लग्न निघालं की पतपेढीचं दार. म्हणून सरकारनं कर्ज काढलं म्हटलं की आपण मान डोलावतो. पण आपलं कर्ज आपणच फेडतो. सरकारचं कोण फेडतं?

दुसरी पंचवार्षिक योजना घ्या, 1956 ते 1961. सरकारी खर्च 4800 कोटींचा ठरला. त्यात 1200 कोटी देशातलं कर्ज आणि अल्पबचत, वर आणखी 1200 कोटी तुटीचे. तूट म्हंजे सरकारनं रिझर्व्ह बँकेला हुंडी द्यायची नि बँकेनं नोटा पुरवायच्या. योजना ठरली तेव्हा चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री होते. मुंबईसाठी त्यांनी खुर्चीला लाथ मारली, त्याबद्दल त्यांना मुजरा. पण हिशेब तो हिशेब. नोटा वाढल्या, धान्य तेवढं वाढलं नाही, पाच वर्षांत घाऊक भाव तीसेक टक्के चढले. कर लावायचा तर लोकसभेत मांडावा लागतो, त्यावर भांडता येतं. हा कर ज्वारीच्या भावात लपून आला.

भिलाईचं पोलाद उभं राहिलं, ते पाहिजेच होतं. पण ज्याच्या तिजोरीतून कर घ्यायचा, त्याच्याकडून कर्ज घेतलं आणि उलट त्यालाच व्याज दिलं!

मग कामगारालाच सावकार केला, तोही सक्तीनं. 1963 साली पगारातनं सक्तीची ठेव आली. महागाई आणि ही ठेव, यांविरुद्ध 20 ऑगस्टला मुंबई बंद पडली, आणि त्याच वर्षी लहान उत्पन्नवाल्यांची ठेव सरकारला मागं घ्यावी लागली. 1974 साली पुन्हा तेच. वाढलेल्या महागाई भत्त्यातला अर्धा कायद्यानं कापला. भत्ता म्हंजे काय बक्षिसी? भाव चढले त्याची ती भरपाई, तीच उसनी घेतली! पुढं हप्त्यांनी परत केली, तोवर रुपया झिजला होता.

धरणासाठी, रेल्वेसाठी कर्ज काढा. आपली पोरं ते वापरतील, ती फेडतीलही. पण 2025-26 च्या महाराष्ट्राच्या अंदाजपत्रकात महसुली तूटच 45 हजार कोटींच्या वर दाखवली. म्हंजे रोजचा खर्चही उधारीवर. आणि श्रीमंतांवरचा संपत्ती कर? तो दिल्लीनं 2015 च्या अंदाजपत्रकात काढून टाकला.

आधी तो कर परत लावा, मग कर्जाला हात घाला, असा ठराव प्रत्येक खात्यानं येत्या गेटसभेत मांडावा.